चार मिनिटं भांडा आणि परत या

दूरशिक्षणातून विज्ञान शिकण्या-शिकवण्याबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. तो प्रश्न मला स्वतःला दोन वर्षं छळत होता, म्हणून ते आखडतं घेता आलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी गोंडपिपरी तालुक्यात राहतो. कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी दूरशिक्षणाच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन तास घेतो. यादीत ३४ नावं आहेत. सुरुवातीला वीस-बावीस जण येतात, शेवटी सात-आठ उरतात. सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद. मी दीड तास स्लाइड दाखवत बोलतो. ‘समजलं का?’ म्हटलं की चॅटवर ‘हो सर’ येतं. मागच्या महिन्यात मधेच माझं नेट गेलं आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. अकरा मिनिटं मी एकटाच बोलत होतो. परत जोडलो तर ‘सर कुठे गेले’ असं कुणीच विचारलेलं नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. विज्ञानासारखा विषय असा शिकवता येतो का? मुलांनी बोलावं यासाठी कुठलं ॲप घ्यावं?
— एक मार्गदर्शक, जि. चंद्रपूर

उत्तर : सर, ती अकरा मिनिटं वाचली आणि मी पत्र खाली ठेवलं. माझ्यावरही अशी रात्र आली होती. २८ वर्षं मी दारव्ह्याला वर्गात उभं राहून भौतिकशास्त्र शिकवलं. मुलांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळायचं की वाक्य पोचलं की भिंतीला आपटून परत आलं. २०२० साली तो चेहराच गेला. मग मीही तुमच्यासारखीच स्लाइडमागून स्लाइड सरकवत बोलत राहिले.

एका रविवारी तास संपल्यावर मी मुलांना सांगितलं, आज काय कळलं ते तुमच्या आवाजात दोन वाक्यांत पाठवा. नेरच्या एका मेडिकलच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. तिचा निरोप मी अजून जपून ठेवला आहे : “मॅडम, तुमचा आवाज येऊन राह्यला होता, पन मी भाकरी करून राह्यली होती. मले काही विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

यावर मी बरेच दिवस विचार केला. तिला विषयाचा कंटाळा नव्हता. तिच्यासाठी त्या तासात काही काम ठेवलेलंच नव्हतं. ‘समजलं का?’ याला प्रश्न म्हणता येत नाही, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. आपल्या भागातली, त्यातून पहिल्यांदा कॉलेजात आलेली मुलगी ‘नाही समजलं’ असं चाळीस जणांत कशी म्हणेल? सरांचा अपमान होईल, असं तिला वाटतं.

आपल्याकडे येणारी मुलं कोण असतात ते बघा. कुणी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर, कुणी अंगणवाडीत, कुणी दुपारपर्यंत शेतात आणि मग बापाच्या पानटपरीवर. बऱ्याच जणींची लग्नं झालेली. मुक्त विद्यापीठाचं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीदवाक्य याच लोकांसाठी आहे. त्यांच्याजवळ स्वयंअध्ययनाची पुस्तकं असतात आणि ती पायरी-पायरीने समजावून सांगणारीच असतात. म्हणजे व्याख्यान त्यांच्या दप्तरात आधीच आहे. तेच आपण रविवारी पुन्हा मोठ्याने वाचून दाखवत असू, तर भाकरी करणारी मुलगी बरोबरच आहे. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी मांडलेली एक कल्पना मला इथे फार उपयोगी पडली. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातलं खरं अंतर किलोमीटरचं नसतं, समजुतीचं असतं. संवाद जेवढा कमी तेवढं ते वाढत जातं. या हिशेबाने गोंडपिपरीतल्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेला मुलगाही तुमच्यापासून दूर असू शकतो.

आता मी काय करते ते सांगते. एकच तास सविस्तर सांगितला तर बरं पडेल.

बाष्पीभवन आणि अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता, शिकवायचा होता. गुरुवारी मी ग्रुपवर पुस्तकातली चार पानं नेमून दिली आणि एक प्रश्न टाकला : मे महिन्यात खोलीची सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून आत कूलर चालू केला. दोन तासांनी खोलीत कसं वाटेल? क) आणखी गार, ख) पहिल्या दहा मिनिटांइतकंच गार, ग) दमट आणि चिकचिकीत. विदर्भात या प्रश्नावर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असतं.

रविवारी पावणेनऊला तास सुरू झाला. ‘नमस्कार’ एवढंच म्हणून मी सांगितलं, एक अक्षर लिहा पण पाठवू नका; मी तीन म्हणेन तेव्हा सगळ्यांनी एकदम पाठवा. हे ‘एकदम’ फार महत्त्वाचं आहे. नाहीतर पहिल्या हुशार मुलाचं अक्षर बघून बाकीचे तेच दाबतात. अक्षरं आली. ‘क’ आणि ‘ग’ जवळपास सारखे, ‘ख’ दोन-तीन. उत्तर मी सांगितलं नाही. म्हटलं, आता मीटिंगमधून बाहेर पडा, आपल्या जोडीदाराला साधा फोन लावा, चार मिनिटं भांडा आणि परत या.

ॲपमध्ये छोट्या खोल्या करायची सोय असते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या मुलांच्या फोनवर त्या खोल्यांत जाता-येता अर्धे जण गळतात. साधा फोन मात्र पिंपळाखाली उभं राहूनही लागतो. जोड्या मी वर्षाच्या सुरुवातीलाच लावून देते.

ती चार मिनिटं माझ्या स्क्रीनवर एकही नाव नव्हतं. पहिल्या वेळी छातीत धडधडत होतं, की परत येतात की नाही. आले. आणि माइक न सांगता उघडले. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, माह्या जोडीदारानं म्हटलं का त्याच्या घरी कूलर खिडकीत हाय आन् मांगचं दार उघडं ठेवलं का मस्त गार लागते. मंग मी म्हटलं, गार हवा बाहीर कायले जाऊ द्याची? तर तो म्हने, हवा नाही, ओल बाहीर जाते.” सर, ‘ओल बाहेर जाते’ हे पुस्तकात नाही. त्या वाक्यावरून संपृक्त हवेकडे, म्हणजे आणखी ओल मावत नाही अशा हवेकडे जायला मला दोन मिनिटं पुरली. दुसऱ्यांदा अक्षरं मागवली तेव्हा ‘ग’ भरभरून आले.

मग मी वही उघडली. तीस अंशांवरचं लिटरभर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण आठपट उष्णता तेच पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन उडताना भोवतालातून ओढून घेतं. हा हिशेब मुलांनीच केला. एका बाजूला अंशामागे ४.१८ किलोज्यूल गुणिले ७० अंश, दुसऱ्या बाजूला लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल. जुलैत कूलर का चालत नाही, माठ पावसाळ्यात गार का राहत नाही, घामेजलं अंग पंख्याखाली गार का लागतं, हे त्यांनीच काढलं. मी फक्त ‘मग?’ म्हणत होते.

ही रीत माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९१ साली ती वर्गात आणली. आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तर वाद रंगतो. त्याहून कमी आली तर आधी थोडं शिकवायला हवं, जास्त आली तर पुढे जावं. मी त्यात फक्त साधा फोन घातला.

खरी मेहनत प्रश्न घडवण्यात आहे. चांगला प्रश्न करायला मला दोन संध्याकाळ लागतात. ज्याचं चुकीचं उत्तरही शहाण्या माणसाला पटेल, असा प्रश्न हवा. सूत्रात आकडे घालून सुटणारा नको.

आता स्लाइडचं. तुमची स्लाइड मुलं तळहाताएवढ्या फोनवर बघतात, तिथे सात ओळी म्हणजे मुंग्या. मी स्टूलवर दोन स्टीलचे डबे ठेवते, त्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकते आणि फोन तिच्यावर कॅमेरा खाली बघेल असा ठेवते. खाली वही. जाड स्केचपेनने लिहिते, पानावर पाच-सहा शब्द आणि एक आकृती. हात लिहिताना दिसला की मुलं आपोआप वहीत उतरवतात. चूक झाली तर खोडते, तेही त्यांना दिसतं. डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता करताना मी कुठे थांबले, कुठे विचार केला हे दिसणं मला फार मोलाचं वाटतं. छापील स्लाइडवर सगळं आधीच झालेलं असतं.

ज्यांचं नेट तेवढंही ओढत नाही त्यांच्यासाठी पानांचे फोटो आधी ग्रुपवर टाकते, आणि मग नुसत्या आवाजावर तास चालतो. बोलण्याचा आवाज सेकंदाला ४० किलोबिटमध्ये व्यवस्थित जातो, म्हणजे तासाला १८ एमबी. चित्रासकट तेच काही शे एमबीवर जातं. दिवसाचा दीड जीबीचा पॅक घरात तिघांत वाटून घेणाऱ्या मुलीला यातला फरक कळतो. त्यामुळे कॅमेरे बंद असल्याचं वाईट वाटून घेऊ नका. मागे चूल, न्हाणीघर, आजारी सासरे असतात. ते जगाला दाखवायची सक्ती कुणावर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तासाची लांबी ४५ मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाकडून काहीतरी यायलाच हवं, मग ते एक अक्षर असो नाहीतर एक आकडा. ज्याच्याकडून आलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा, रागवायला नव्हे, विचारपूस करायला. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पुढे कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा नवा धडा घेऊ नका. त्या आठवड्यांत मी फक्त शंका घेते आणि जुने प्रश्न पुन्हा विचारते. दीड तासाचं रेकॉर्डिंगही टाकू नका, ते कुणी बघत नाही. सहा-सात मिनिटांचा आवाज आणि चार पानांचे फोटो टाका, ते बसमध्येही ऐकलं जातं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही तीन अभ्यासकेंद्रांच्या मार्गदर्शकांनी रविवारचा तास एकत्र केला, तेव्हा आमच्याकडे एका टोकाला मेळघाटातलं धारणी आलं आणि दुसऱ्या टोकाला प्राणहितेकाठचं सिरोंचा. मला वाटलं, एवढी पांगलेली मुलं कशी सांभाळायची? मग एका रात्री नकाशा बघताना ध्यानात आलं की नागपूरच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत नसलेली वस्तू आमच्याकडे आहे : उत्तर-दक्षिण ३०० किलोमीटरचं अंतर.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पृथ्वीचा परीघ मोजायला धारणीचा एक मुलगा आणि सिरोंच्याची एक मुलगी, दोघांनी अंगणात मीटरभर काठी उभी केली. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. बाकीचे फोनवर. पहिली गंमत तिथेच झाली. सिरोंच्याची सावली आधी आखूड झाली, धारणीची दहा-बारा मिनिटांनी. “मॅडम, तिचं घड्याळ पुढं हाय,” असा आरोप झाला. मग रेखांश निघाले. दोन गावांत तीन अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालतं, सूर्य मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. प्रमाणवेळ म्हणजे काय, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

धारणीची सावली १०० सेंटीमीटर आली, सिरोंच्याची ९२. सूर्यकिरणांचे काठीशी होणारे कोन काढले, फरक आला २.४ अंश. उत्तर-दक्षिण अंतर मोजपट्टी असलेल्या नकाशावरून काढायला लावलं होतं. अक्षांशावरून काढलं असतं तर जे शोधायचं तेच गृहीत धरल्यासारखं झालं असतं. एकाने रस्त्याचं अंतर घातलं, तर पृथ्वी भलतीच फुगली. बरोबर अंतर घालून, त्याला ३६०ने गुणून आणि कोनांच्या फरकाने भागून परीघ आला ४५ हजार किलोमीटर. पुस्तकात ४० हजार. आठवडाभर ग्रुपवर वाद. शेवटी त्या मुलीने काठीचा फोटो बाजूने काढून पाठवला. काठीचं टोक सेंटीमीटरभर उत्तरेकडे कललं होतं. तिने गवंडीकाम करणाऱ्या काकांचा ओळंबा आणला, दुसऱ्या दिवशी काठी लावली, सावली ९१ आली. फरक २.७ अंश, परीघ ४० हजार. एक सेंटीमीटरने पाच हजार किलोमीटर हलतात, हे पाहून मुलं गप्प झाली. एवढं नेमकं उत्तर येण्यात नशिबाचाही भाग होता, हेही मी त्यांना सांगितलं आणि धारणीच्या सावलीतली चूक किती असू शकते ते काढायला लावलं. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या दोन गावांवरून हेच केलं होतं. ते नाव मी शेवटी सांगितलं, आधी नाही.

ॲपचं राहिलं. तुमच्याकडे आत्ता जे आहे तेच ठेवा. फुकटच्या मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा असेल तरी बिघडत नाही, उलट ती पाळा. केंद्राकडे स्वतःचा सर्व्हर असेल तर अभ्यासक्रम चालवायचं मूडल आणि ऑनलाइन वर्ग घ्यायचं बिगब्लूबटन ही दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत, पण तेवढ्यासाठी अडून बसू नका. येत्या रविवारी एकच प्रश्न घेऊन बसा. आणि नेट गेलं तर कुणी फोन करायचा, हे काम एका मुलाला नेमून द्या. आमच्याकडे ते काम आळीपाळीने असतं.

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यात राहते. बारावीनंतर लग्न झालं. आता सहा वर्षांनी दूरशिक्षणातून बी.एस्सी. करते आहे. घरचे विचारतात, प्रयोगशाळेशिवाय सायन्स कसलं, आणि घरबसल्याची डिग्री कुठे चालते का? प्रात्यक्षिकांना केंद्रावर जायचं आहे, पण ब्युरेट, म्हणजे खाली नळ असलेली मापाची काचनळी, मी फक्त व्हिडिओत पाहिली आहे. सगळ्यांसमोर हात थरथरेल अशी भीती वाटते. घरी काही तयारी करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, जि. अमरावती

उत्तर : ताई, आधी डिग्रीचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षणाच्या २०२०च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते. तुमचं विद्यापीठ आणि तुमचा अभ्यासक्रम तुम्ही प्रवेश घेतलात त्या वर्षी मान्य आहे की नाही, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर एकदा स्वतः बघा आणि घरच्यांना दाखवा.

प्रयोगशाळा मात्र टाळता येणार नाही, आणि टाळूही नका. अनुरूपणं, म्हणजे सिम्युलेशन, चांगली असतात. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या फेट प्रकल्पाची मी सर्रास वापरते. ती फुकट आहेत, बरीचशी मराठीत आहेत, आणि एकदा फाइल उतरवली की नेटशिवाय चालतात. विजेचं मंडल (सर्किट) जोडणं, बल्ब लावणं यासाठी ती उत्तम. पण स्क्रीनवरची ब्युरेट गळत नाही आणि तिचा नळ घट्ट होत नाही. हाताला जे शिकायचं असतं ते हातानेच शिकावं लागतं.

तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. तुमच्या विहिरीत रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. घरात साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरं चढतं, हे तुम्ही लग्नाच्या पहिल्या दिवसापासून बघत असाल. तर हे करा. अंगाच्या साध्या साबणाचा ग्रॅमभर कीस शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी म्हणून ते दुकानात मिळतं. कपड्यांची पावडर घेऊ नका. तिला जड म्हणजे दुष्फेन पाण्यातही फेस येतो, म्हणून प्रयोग फसतो. आता झाकणाच्या बाटलीत ५० मिलिलिटर पाणी घ्या, औषधाच्या ड्रॉपरने साबणाचे दहा-दहा थेंब टाका आणि हलवत जा. मिनिटभर टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते लिहा. आधी बॅटरीचं पाणी, मग नळाचं, मग विहिरीचं, मग तेच विहिरीचं उकळून, गार करून, वरचं निवळलेलं. उकळल्यावर थेंब कमी लागले तर तेवढा तात्पुरता जडपणा होता, बायकार्बोनेटचा. भांड्याच्या तळाशी पांढरं बसलं ते तेच. जे उरलं तो कायमचा जडपणा. प्रत्येक पाण्याची तीन मोजमापं घ्या आणि सरासरी काढा. हे आकडे केंद्रावर घेऊन जा आणि तिथे त्याच पाण्याचं ईडीटीए या रसायनाने अनुमापन (टायट्रेशन) करू द्यायची विनंती करा. आपल्या विहिरीचं पाणी कोनिकल फ्लास्कमध्ये ओतताना हात कमी थरथरेल, असं मला वाटतं.

ब्युरेट वाचायचा सराव सुई नसलेल्या दहा मिलिलिटरच्या सिरिंजवर आणि औषधाच्या मापावर करा. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि वाकलेल्या पृष्ठाचा खालचा कड वाचायचा. दर्शकाचा (इंडिकेटरचा) रंग बदलणं बघायचं असेल तर हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी थेंब-थेंब सोडा. पिवळ्याचं लाल एका थेंबात होतं. तो एक थेंब ओळखता येणं म्हणजेच अंतिम बिंदू. कुंकू करणाऱ्या बायकांना हे केव्हापासून ठाऊक आहे! मग लिंबू पिळा आणि परत पिवळं करा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि लेकरू आसपास असेल तर त्याला आधी बाहेर पाठवा. तीव्र आम्लं मात्र घरी आणायची नाहीत, न्हाणीघर धुवायचं ॲसिडसुद्धा प्रयोगाला वापरायचं नाही.

केंद्रावर पहिल्याच दिवशी सांगून टाका, ‘मी ब्युरेट पहिल्यांदा धरते आहे.’ असं आधीच सांगणाऱ्या मुलीला मी स्वतः नळ धरून दाखवते. न सांगणारी मागे उभी राहून दुसऱ्याचे आकडे उतरवते, आणि मग मला ते फार उशिरा कळतं.

प्रश्न : माझी मुलगी रात्री नऊला मोबाइलवर सायन्सचा तास करते. शिक्षणाला माझा विरोध नाही. पण ग्रुपवर सगळ्यांचे नंबर दिसतात, पोरांचे फोन येतात. गावात लोक बोलतात. बंद करावं का?
— एक पालक, आर्णी तालुका

उत्तर : दादा, बंद करू नका. पण तुमची तक्रार खरी आहे आणि ती मार्गदर्शकाने ऐकायला हवी. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. पहिल्या वर्षी मी चाळीस जणांना न विचारता एका ग्रुपवर टाकलं. एका मुलीला अवेळी फोन यायला लागले. तिने कुणाला सांगितलं नाही, नुसती ग्रुपमधून निघून गेली. तीन आठवड्यांनी तिच्या आईकडून मला कळलं. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून नियम केले. ग्रुप टेलिग्रामवर, तिथे आपला नंबर इतरांना न दिसण्याची सोय सेटिंगमध्ये करता येते. ती मी पहिल्या संपर्कसत्रात प्रत्येकाच्या फोनवर समोर बसवून करून घेते. फोनवर चर्चा करायच्या जोड्या मुलीशी मुलगी, मुलाशी मुलगा अशाच, आणि त्याही दोघांना विचारून. ज्यांना नंबर द्यायचा नाही त्या चॅटवर मला लिहून पाठवतात, त्याने त्यांचं काही अडत नाही. तासाच्या बाहेर कुणी फोन केला तर मला सांगायचं, मी त्या मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलते. हे सगळं तुमच्या मुलीच्या मार्गदर्शकांकडे लेखी मागा, ते तुम्हाला नाही म्हणणार नाहीत.

आणि एक विनंती. येत्या रविवारी नऊ वाजता तिच्या शेजारी बसा. फोन मांडीवर नको, पाटावर ठेवायला सांगा, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल. आमच्याकडे एक वडील असे बसायचे. दोन-तीन रविवारांनंतर कूलरच्या प्रश्नाला त्यांनी मुलीच्या आधी उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.